विकत घेतलेले वीस दिवस

तिला सगळे घाईबाई म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतंच, पण ते आता फक्त रेशनच्या कार्डावर राहत होतं. घाईबाई चालत नसे. तिचं चालणं म्हणजे दुसऱ्याचं पळणं. लहानपणी विहिरीवरून पाणी आणताना निम्मी कळशी वाटेलाच पाजायची, आणि आईने डोळे वटारले की म्हणायची, निम्मी तर आणली ना, तीही लवकर. लग्न होऊन आली त्या दिवसाबद्दल सासूबाई अजून सांगतात की सून घरात कधी शिरली ते कळलंच नाही, एकदम भांडी चमकायला लागली म्हणून आत जाऊन पाहिलं.

घर दीड खोलीचं. चुलीची खोली अर्धी धरायची, कारण तिची चौथी भिंत पत्र्याची होती आणि जरा वारा सुटला की ती घरातल्या बोलण्यात तोंड घालायची. त्या दीड खोलीत माणसं पाच: ती, तिचा नवरा, सासूबाई, तेरा वर्षांची थोरली आणि सहा वर्षांची धाकटी. मागच्या दारातून पायवाट निघे आणि संपे ती थेट यांच्या शेतात. शेत एवढंसंच. एका कोपऱ्यात उभं राहून पलीकडच्या कोपऱ्यातल्या माणसाशी साध्या आवाजात भांडता यावं, इतकं. त्यात मका, आणि मक्याच्या दोन ओळींमध्ये शेंगांचे वेल. देवाने दिलेलं होतं, थोडं होतं, पण स्वतःचं होतं.

खुरपणीत घाईबाईचा हात धरणारं आसपासच्या दहा गावांत कुणी नव्हतं. खुरपं तिच्या हातात असं फिरे की तण मुळासकट वर यायचं आणि शेजारच्या रोपाला कळायचंही नाही. नदीकाठच्या मोठ्या मळ्यावर बायकांची टोळी खुरपायला जायची, त्यात पहिली ओळ तिची. तिच्या मागोमाग बाकीच्यांनी वेग धरायचा. मळेवाले लोकांना सांगत, आमच्या मळ्यात तण औषधालाही सापडायचं नाही.

आणि तिच्या स्वतःच्या शेतात? तिथे औषधाला काय, सगळ्या गावाच्या गुरांना पुरेल एवढं तण. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. याचं कारण अगदी सरळ होतं. खुरपणीचे दिवस सगळ्यांचे एकच असतात. मका वीतभराचा झाल्यापासून गुडघ्याला लागेपर्यंत, जेमतेम वीस दिवस. तेवढ्यात खुरपं फिरलं तर पीक तुमचं, नाही फिरलं तर तणाचं. आणि नेमके तेच वीस दिवस मळ्यावर मजुरी असे. त्या दिवशी मजुरी केली तर त्या दिवशी चूल पेटायची. मग ती उजेड असेपर्यंत दुसऱ्याचं रान निवडायची आणि उरलेल्या संधिप्रकाशात स्वतःच्या मक्यात हात घालायची, डोळ्यांपेक्षा बोटांच्याच भरवशावर. मका बिचारा आपला तणातून मान वर काढून उभा. दरवर्षी निम्मं पीक. लोक थट्टेने त्या शेताला जंगल म्हणत. "जंगलात वाघ दिसला का गं?" असं बायका विचारायच्या आणि ती हसायची. पण हसून झाल्यावर तिचं खुरपं जरा जास्तच खोल जायचं.

तर त्या वर्षी पेरणीच्या थोडं आधी गावात निरोप आला की शाळेच्या व्हरांड्यात बैठक आहे, एक संस्था लहान शेतकऱ्यांना रोख मदत देणार आहे. बैठक भर कामाच्या वेळी. टोळी मळ्यावर, पुरुष कुणी कुठे, कुणी कुठे. घाईबाईचा नवरा त्या दिवशी पाठ धरल्यामुळे घरी होता म्हणून तोच गेला. त्याच्याबरोबर दोन म्हातारे होते. एक बसल्याबसल्या झोपला आणि दुसरा झोपलेलाच आला होता.

आता नवऱ्याबद्दल एक सांगायला हवं. माणूस देवमाणूस. पण लहानपणापासून त्याचा डावा कान बंद. काही माणसं हलक्या कानाची असतात, हा अर्ध्या कानाचा होता. मित्रही त्याला अर्धकान्या म्हणत आणि तो ओ देई, उजव्या बाजूने हाक मारली तर.

संध्याकाळी त्याने घरच्यांना सगळं नीट सांगितलं. पैसे घरातल्या बाईच्या खात्यावर येणार. ते परत करायचे नाहीत. आणि बिनशर्ट.

"बिनशर्ट म्हणजे?" घाईबाईने विचारलं.

"म्हणजे शर्ट काढून. त्या ताई पडताळणीला घरोघर येणार आहेत ना, तेव्हा. दोनदा म्हणाल्या त्या, मदत बिनशर्ट आहे म्हणून."

असं का असावं, याचा विचार त्याने वाटेतच करून ठेवला होता. भरतीच्या वेळी नाही का छाती मोजत, तसंच असणार. अंगावर मांस किती, यावरून गरीब कोण हे ठरवत असतील. सासूबाईंनी लेकाच्या बरगड्यांकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, मग आपल्याला दुप्पट मिळतील. घाईबाईची शंका वेगळीच होती. पैसे बाईच्या नावावर, तर मग बायकांनी काय करायचं? नवरा घाईघाईने म्हणाला की बायकांना माफ असेल, शिकलेली माणसं आहेत ती.

मदतीच्या यादीत त्यांच्या गल्लीतली सात घरं होती. सातही घरांत ही बातमी दूध उतू जावं तशी पसरली. कुणाला वावगं वाटलं नाही. फुकट काही मिळत नसतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या मानाने शर्ट काढणं म्हणजे स्वस्तातच सुटलो म्हणायचं. चिंता फक्त शेजारच्या ढेरकाकांना पडली. गरिबी त्यांचीही सगळ्यांइतकीच होती, पण पोट मात्र सावकाराचं होतं. हे पोट वाऱ्याचं आहे, जेवणाचं नाही, हे संस्थेला पटवायचं कसं? त्यांनी चार दिवस पोट आत ओढायचा सराव केला. त्या चार दिवसांत ते कुणाशी धड बोलले नाहीत, कारण बोललं की पोट सुटायचं.

पडताळणीची सकाळ उजाडली ती झोंबरं वारं घेऊन. गल्लीच्या तोंडाशी पारासारखा एक ओटा होता, त्यावर सात पुरुष ओळीने उघड्या अंगाने बसले. शर्ट घड्या घालून मांडीवर. घाईबाईने मळ्यावरून तासाभराची सवड मागून घेतली होती, ती दारात उभी राहून पाहत होती. तेवढ्यात स्कूटरवरून संस्थेची ताई आली. जेमतेम पंचविशीची पोरगी. हातात शाळेच्या पाटीएवढं यंत्र, म्हणून सगळे तिला पाटीवाली ताई म्हणत. ओट्याजवळचं दृश्य पाहून तिने स्कूटर लांबच थांबवली. तिला वाटलं मोर्चा आहे. तिने तिथूनच विचारलं, तुमची मागणी काय आहे?

नवरा उठला. छाती फुगवली. "मागणी नाही ताई. तुमच्याच नियमाप्रमाणे बसलोय. बिनशर्ट."

पाटीवाल्या ताईच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग तिने ओठ आवळले. मग पाटी तोंडासमोर धरली. पाटीच्या मागून तिचे खांदे हलताना सगळ्यांना दिसले.

"काका," ती म्हणाली, आवाज सावरत, "बिनशर्त म्हणाले होते मी. शर्त. शर्त म्हणजे अट. मदतीला काही अट नाही, एवढंच."

"मग आधीच अट म्हणायचं की," नवरा म्हणाला, आणि मांडीवरून खाली पडलेला शर्ट शोधू लागला.

यानंतर जे हसू फुटलं ते काही आवरेना. बायका दारांतून हसत होत्या, पोरं ओट्यावर लोळत होती, ताई स्कूटरला धरून उभी होती. ढेरकाकांनी चार दिवसांचा धरलेला श्वास सोडला आणि त्यांचं पोट सुखाने जागेवर आलं. सासूबाईंना काही कळलं नव्हतं, पण सगळे हसतात म्हणून त्याही डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग विचारू लागल्या, झालं काय?

पण हसू ओसरल्यावर सगळे ताईभोवती जमले. शर्ट काढायचा, हे त्यांना समजलं होतं. काहीच करायचं नाही, हे मात्र घशाखाली उतरेना. ढेरकाकांनी विचारलं, कुठे सही? नाही. जमिनीचा कागद? नाही. दर महिन्याला सभेला येऊन बसायचं? नाही काका. मग तुम्ही सांगाल तेच बियाणं घ्यायचं असेल. तेही नाही. नवरा हळूच म्हणाला की बिनशर्टच बरं होतं, निदान काय करायचं ते कळत होतं.

तेव्हा घाईबाई दारातून बोलली. मळ्यावर परतायची वेळ झाली होती, एक पाऊल पायरीवर होतं. "म्हणजे त्या पैशांचं आम्ही काहीही करायचं?"

"काहीही, मावशी. तुमचे पैसे, तुमची मर्जी."

मर्जी. हा शब्द तिने आयुष्यभर ऐकला होता, पण तो नेहमी मळ्यावरचा असे. मळेवाल्यांची मर्जी राखायची, मुकादमबाईची मर्जी सांभाळायची. आपल्यालाही ती असते, हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मळ्याकडे जाताना ती वाटेत दोनदा थांबली. घाईबाई थांबलेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून मागून येणाऱ्या बाईने विचारलं, काटा मोडला का?

पैसे आले ते पेरणी होऊन मका वीतभर झाल्यावर. देव कधी कशातून बोलेल सांगता येत नाही. त्या दिवशी तो चुलीजवळच्या फळीवर ठेवलेल्या फोनमधून टिंग करून बोलला. थोरलीने संदेश वाचला, पुन्हा वाचला, मग शाळेत धडा वाचतात तसा उभी राहून तिसऱ्यांदा वाचला. सासूबाईंनी फोनलाच हात जोडले.

पैसे काढायला बाजारातल्या दुकानात अंगठ्याचं यंत्र होतं. घाईबाईने काचेवर अंगठा ठेवला. यंत्राने नाही म्हटलं. दुकानदाराने अंगठा पुसायला फडकं दिलं, मग साबण दिला, मग स्वतःच फुंकर मारली. यंत्राचं नाही ते नाहीच. वीस वर्षं खुरप्याच्या मुठीवर घासून अंगठ्याच्या रेषा कधीच गुळगुळीत झाल्या होत्या. डाव्याचीही तीच गत.

घाईबाई म्हणाली, "जन्मभर लोक आम्हाला अंगठाछाप म्हणाले. आता कळतंय, अंगठ्याला छापच नाही."

रांगेतली माणसं खो खो हसली. मग एकेक बोट लावत लावत यंत्राने शेवटी मान डोलावली ती डाव्या करंगळीला. आयुष्यात त्या करंगळीने कधी खुरपं धरलं नव्हतं, आणि घरात पैसे आणले तिने. घरी येईपर्यंत घाईबाई करंगळी वेगळी धरून चालत होती, जणू ओल्या रंगाची आहे.

त्या संध्याकाळी दीड खोलीत सगळे एकदम बोलत होते आणि पत्राही. थोरलीला सायकल हवी होती. शाळा लांब होती, मागणं रास्तच होतं. नवऱ्याच्या मनात फवारणीचा पंप होता. सासूबाईंना म्हणे काही नको होतं, फक्त एक गादी, एक उशी, जमलं तर पायाला लावायचं तेल, आणि पैसे उरलेच तर आणखी एक उशी. धाकटीला हत्ती हवा होता. तो कुठे बांधायचा यावर तिने विचार केलेला होता, ढेरकाकांच्या अंगणात.

घाईबाई भाकऱ्या थापत गप्प होती. कुणाच्या तरी लक्षात आलं की पैसे हिच्या खात्यावरचे आणि ही काही बोलतच नाही. नवऱ्याने उजवा कान तिच्याकडे केला. "अगं, तुला काय हवंय?"

"दिवस," ती म्हणाली.

त्याला वाटलं पुन्हा कानाने घात केला. "दिवस?"

"वीस दिवस. विकत घ्यायचेत मला. धान्य, तेल, मीठ, वीस दिवसांचं सगळं आधीच भरून ठेवायचं. त्या वीस दिवसांत मी मळ्यावर जाणार नाही, तुम्ही जाणार नाही. आपल्या शेतात पहिली खुरपणी वेळेवर करायची. एकदा तरी बघायचंय मला, आपल्या रानात किती पिकतं."

मग सासूबाई म्हणाल्या की उशीचं नंतर बघू.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण यात एक मोठी मेख होती. मळ्यावर टोळी लावायची ती मुकादमबाई. वयाने मोठी, सगळे तिला अक्का म्हणत. खुरपणीला जी बाई गैरहजर, तिचं नाव पुढे कांदाकाढणीला कापलं, हा अक्काचा कायदा. आणि काढणी म्हणजे सलग दोन महिन्यांची मजुरी, घाईबाईच्या घरची वर्षाची शिदोरी. वीस दिवस मिळवायचे म्हणजे ते दोन महिने पणाला लावायचे. पीक दुप्पट आलं तर गंगेत घोडं न्हालं. कीड पडली, पावसाने ओढ दिली, तर ना घर का ना घाट का. रात्री ती देवापुढे बसली तेव्हा तिने मागणं काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, मी ठरवलंय, तू ऐकून ठेव.

धान्य आलं. डबे भरले. आणि पहिल्या मोकळ्या सकाळी काय व्हावं? घाईबाई उठली, भाकरी बांधली, खुरपं कमरेला खोचलं आणि निघाली. पायांना पंधरा वर्षांची सवय. मन कुठे तरी डब्यातल्या धान्यात रमलेलं. ती मळ्यावर पोचली, पहिल्या ओळीला बसली आणि अर्धी ओळ खुरपून झाल्यावर तिचा हात थांबला.

"अगं बाई," ती स्वतःशीच पण मोठ्याने म्हणाली, "मी आज इथे नाहीये."

मागच्या ओळीतल्या बायकांनी माना वर केल्या. घाईबाई उठून उभी राहिली, गुडघे झटकले आणि चालू लागली. बांधावर अक्का उभीच होती. काय झालं म्हणून विचारलं, तर घाईबाईने एका दमात सांगून टाकलं की वीस दिवस येणार नाही, घरच्या शेतात आहे, ही अर्धी ओळ चुकून झाली, मजुरी धरू नका.

अक्काने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "चार पैसे आले की शेतकरीण झालीस का? जा बाई. पण काढणीला मग माझ्या दारात येऊ नकोस."

घाईबाईने एकदा मागे वळून पाहिलं. पण ती पायवाटेला लागली होती, आणि ती पायवाट उताराची होती, आणि उतारावर तिला थांबता कुठे यायचं. ती आपल्या शेताच्या बांधावर पोचली तेव्हा धापा टाकत होती, आणि घरचे सगळे तिथे आधीच बसून वाट पाहत होते. नवऱ्याने विचारलं, होतीस कुठे? ती म्हणाली, कामावर गेले होते. आणि मग जी हसायला लागली ती सांगेचना.

त्या पहिल्या दिवशी सासूबाईही खुरपायला बसल्या. मी काय म्हातारी झाले का, असा त्यांचा हट्ट. दुपारपर्यंत त्यांनी ढीगभर तण उपटलं. धाकटीने ढीग पाहिला आणि विचारलं, आजी, तू सगळ्या शेंगा का उपटल्यास? खरंच. ढीग सगळा शेंगांच्या रोपांचा. तण मात्र पाठीमागे मजेत उभं होतं, आणि सासूबाईंनी त्याला मायेने माती लावली होती.

दुसऱ्या दिवशी चष्मा आणला. गादीच्या आधी चष्मा लागेल, हे घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. सासूबाईंनी तो नाकावर चढवला, आधी शेताकडे पाहिलं, मग लेकाकडे, मग सुनेकडे, आणि बराच वेळ पाहून म्हणाल्या, "तू अशी दिसतेस होय. चांगली आहेस की."

घाईबाईने मान खाली घालून एक लांबलचक ओळ काढली.

आणि मग दिवस असे गेले की काय सांगावं. सकाळचा पूर्ण उजेड आपल्या रानात. तण कोवळं, माती भुसभुशीत, खुरपं लोण्यात फिरावं तसं फिरायचं. नवरा तिच्या उजव्या बाजूची ओळ धरायचा, म्हणजे त्याचा बंद कान तिच्याकडे यायचा आणि तिला मनसोक्त गाता यायचं. थोरली शाळेच्या आधी एक ओळ आणि नंतर एक ओळ काढायची. धाकटी तणाची गाठोडी बांधून हत्तीसाठी म्हणून ढेरकाकांच्या अंगणात नेऊन टाकायची, आणि ढेरकाकांची शेळी ते खाऊन गुबगुबीत होत चालली होती. दुपारी बांधावर बसून सगळी एकत्र जेवायची. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण नवऱ्याला दिवसाच्या उजेडात जेवताना तिने नीट असं पहिल्यांदाच पाहिलं. फार सावकाश जेवतो बाई, हे तिला कळलं.

आठव्या दिवशी शेजारच्या शेतात माणसं दिसली. ढेरकाका आणि त्यांची बायको. दहाव्या दिवशी पलीकडे आणखी तीन घरं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पण घाईबाईचं जंगल विंचरल्यासारखं दिसायला लागलं होतं आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस थांबून पाहत होता. ज्या सात घरांत पैसे आले होते, त्यातली पाच आता आपापल्या रानात होती. सायकल नाही, पंप नाही, सगळ्यांना एकदम दिवसच हवेसे झाले.

तिकडे मळ्यावर टोळी निम्मी झाली. तण काही पैशांची वाट पाहत नसतं. ते आपलं वाढत होतं.

सोळाव्या दिवशी सकाळी घाईबाईच्या बांधावर छत्री दिसली. छत्रीखाली अक्का. खुरपं हातात तसंच राहिलं. सगळे उठून उभे राहिले. सासूबाईंनी चष्मा पुसला, म्हणजे जे काय होईल ते नीट दिसावं.

अक्काने आधी शेतभर नजर फिरवली. मका गुडघ्याला लागत आला होता, काळपट हिरवा, ओळीत एक तण नाही. शेंगांचे वेल त्याच्या अंगावर चढायला लागले होते. जन्म खुरपणीत गेलेली बाई ती, काय पाहतोय हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"बरं निघालंय," ती म्हणाली. मग घसा खाकरला. मग उन्हाबद्दल बोलली. मग म्हणाली की मळेवाल्यांनी निरोप दिलाय. सोमवारपासून ये म्हणतात. पूर्ण दिवस नको, दुपारपर्यंत आलीस तरी चालेल, मजुरी दिवसाचीच देतील. आणि काढणीला नाव पहिलं. कापलेलं नव्हतंच, ते आपलं मी रागात म्हणाले होते.

नवऱ्याने नेमका हे ऐकायला उजवा कान लावला होता, त्यामुळे सगळं ऐकलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. थोरलीने आईचा हात घट्ट धरला. सगळ्यांना वाटलं आता ही हो म्हणेल. हो म्हणायचंच होतं. सोमवारपर्यंत शेत पुरं होत होतं, डब्यातलं धान्यही तेवढंच उरलं होतं.

घाईबाईने खुरपं दुसऱ्या हातात घेतलं. आभाळाकडे पाहिलं, मग मक्याकडे.

"विचार करून सांगते, अक्का," ती म्हणाली.

अक्काच्या भुवया वर गेल्या त्या बराच वेळ खाली आल्या नाहीत. पण ती म्हणाली, बरं, उद्यापर्यंत कळव. आणि छत्री वळवून बांधावरून गेली, चिखलात पाय जपून टाकत.

ती दिसेनाशी होईपर्यंत कुणी हललं नाही. मग सगळे एकदम घाईबाईवर तुटून पडले. अगं, विचार कसला करायचाय यात? नवरा म्हणाला, पळत जाऊन अक्काला गाठतो आणि हो सांगून येतो, नाहीतर तिचं मन फिरेल. घाईबाईने त्याच्या शर्टाची बाही धरून त्याला थांबवलं.

"विचार काही करायचा नाहीये हो," ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि हसू तोंडात मावत नव्हतं. "जाणारच आहे मी सोमवारी. फक्त एकदा म्हणून बघायचं होतं. आजपर्यंत कुणी मला विचारलं आणि मी असं म्हटलं, असं झालंच नव्हतं."

नवऱ्याला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तो मटकन ओळीतच बसला आणि पोट धरून हसू लागला. थोरली हसली. धाकटी हसता हसता मक्यात पडली आणि मक्याचं एक ताट मोडलं, त्याचंही कुणाला काही वाटलं नाही. शेजारच्या रानातून ढेरकाका ओरडून विचारत होते, काय झालं, आम्हालाही सांगा.

सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या सुनेजवळ आल्या, चष्मा नीट बसवला आणि म्हणाल्या, "पुन्हा म्हण की. मघाशी मला नीट ऐकू आलं नाही."

घाईबाई बांधाकडे तोंड करून उभी राहिली. आवाज साफ केला.

"विचार करून सांगते."

"कसं गोड वाटतं," सासूबाई म्हणाल्या, आणि स्वतःच्या ओळीत जाऊन बसल्या. खुरपता खुरपता त्या ते वाक्य मघाशी सुनेने म्हटलं तसं, तेवढ्याच ठसक्यात, हळू आवाजात म्हणून बघत होत्या.